आंदणातला साउंड

अंजना शेकडेला विजेचं भय आहे, हे चिंचेवाडीच्या शेकडे वस्तीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दिवा लावायचा तर ती लाटण्याच्या टोकानं बटण दाबायची. लाटणं सापडलं नाही तर अंधारात बसायची, पण बोर्डाला बोट म्हणून लावायची नाही. दळण घेऊन गिरणीवर गेली की बाहेरच्या ओट्यावर उभी राहायची आणि डबा दुसऱ्या कुणाच्या हाती आत पाठवायची. नवरा सुंदरराव चारचौघांत सांगायचे, "आमच्या मंडळीला वाघ दावा, भिणार न्हाई. बटण दावा, गाव सोडंल." लोक हसायचे. तीही पदर तोंडाला लावून हसायची. दुसरं करणार काय?

हसणाऱ्यांना कारण माहीत नव्हतं असंही नाही. विसाव्या वर्षी ती सुंदररावांबरोबर कृष्णाकाठी उसाच्या तोडीला गेली होती. रात्री पाणी दिलेलं रान, बांधावर विजेचा खांब आणि खांबाला जमिनीत ताण दिलेली तार. त्या तारेत करंट उतरलाय हे कुणाला ठाऊक? भरली गाडी फडाबाहेर काढताना डावा बैल तारेला घासला आणि होता तिथं गुडघ्यावर बसला. त्याला उठवायला अंजना पुढं झाली, तेवढ्यात मागून कुणीतरी तिचा अंबाडा धरून तिला मागं खेचलं. बैलाचे डोळे फिरले. तो हंबरलासुद्धा नाही. हंबरला असता तर एवढी भीती बसली नसती, असं अंजना सांगायची. माणसं मात्र या गोष्टीतलं बैलाचं मरण तेवढं ध्यानात ठेवायची. तिचा अंबाडा कुणी धरला नसता तर काय झालं असतं, हे कुणी मनावर घ्यायचं नाही.

तीस वर्षं अशी गेली. मग तानाजीचं लग्न झालं, आणि सून दीपमाला लिंबागणेशकडच्या माहेराहून आंदण म्हणून साउंड घेऊन आली.

आंदणात लोक कपाट देतात, भांडी देतात. दीपमालाला गाण्याचा नाद. बारावीपर्यंत शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात ती पुढं. तिच्या वडिलांनी, राधाकिशन आण्णांनी, बीडला जाऊन स्वतःच्या कानांनी ऐकून कंबरेएवढे दोन बॉक्स आणि लोखंडी पत्र्याची काळी मशीन घेतली. टेम्पोतून उतरवताना ते तानाजीला म्हणाले होते, "जावईबापू, ही पोरीसारखी संभाळा." तानाजीनं मान डोलावली आणि पहिल्याच दिवशी मशीनच्या वायरीचं टोक पकडीनं कापून टाकलं. टोकाला तीन पायांची पिन होती आणि शेकड्यांच्या बोर्डावर भोकं दोन. बोर्ड बदलायला कोण बसतंय? त्यानं दोन पायांची पिन आणून जोडली. तिसरी हिरवी तार उरली, ती कापून फेकली.

"ती कशाची व्हती रे?" सुंदररावांनी विचारलं.

"काय न्हाई. शोभेची असती."

साउंड ठेवायला घरात एकच जागा होती, ज्वारीच्या पोत्यांशेजारी. पोती तिथं उंदीर, हे काही नव्यानं सांगायला नको. आणि मशीन चालली की तिचं अंग कोमट होतं. उंदरांना थंडीत आणखी काय पाहिजे? बोर्डावर भोकांची जोडीही एकच. रात्री तिथं तानाजीचा मोबाईल चार्जिंगला लागायचा, सकाळी तो काढून साउंडची पिन खुपसायची. कोणता पाय वर, कोणता खाली, हे कोण बघतो?

सुंदरराव कानानं अर्धे. त्यांना ऐकू जावं म्हणून आवाज शेवटपर्यंत चढवलेला. बॉक्स धडधडले की छपराचे पत्रे थरथरायचे आणि अंजनाच्या छातीत लकलक व्हायचं. पण ती बोलायची नाही. आंदणाच्या वस्तूला नाव ठेवणं म्हणजे सुनेच्या बापाला नाव ठेवणं. आणि पोरगी गुणाची होती. सासूला भ्या वाटतं हे पहिल्या आठवड्यात ओळखून घरातले सगळे दिवे तीच लावायला लागली होती.

घट बसायच्या आदल्या दिवशी घराची झाडझूड निघाली. अंजनानं जमीन सारवली आणि त्याच ओल्या हातानं, ओलं फडकं घेऊन, चालत्या मशीनचा पत्रा पुसायला गेली. हात झिणझिणला वगैरे काही नाही. खांद्यापासून कुणीतरी मुळी उपटावी तसा उपटला गेला. ती पोत्यांवर जाऊन आदळली. दातांवर दात बसलेले, जिभेला रक्ताची चव.

दणका ऐकून तानाजी अंगणातून आत आला. पायात रबरी चप्पल होती. त्यानं मशीनवर सगळा पंजा ठेवला.

"बघ. काय व्हतंय मला?"

"मला धरलं त्यानं. खोटं बोलती का मी?"

"माय, साउंडात काय न्हाई. तुपल्या डोक्यात त्यो बैल बसलाय."

दीपमाला चुलीपाशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "आण्णांनी नवंच घेतलंय हो आत्या. दुकानात दोन घंटे वाजवून बघितलंय."

तिचा चेहरा बघून अंजनानं शब्द गिळले. "झुरळ आलं असंल अंगावर," ती म्हणाली. "दचकले मी."

इथं ती चुकली. भ्यालेल्या माणसानं एकदा स्वतःच आपलं भय खोटं पाडलं, की मग त्याला तोंड राहत नाही.

दुसऱ्या दिवशी घट बसले आणि अंजनाची झोप उडाली. शेकड्यांच्या घरात नवरात्राचे नऊ दिवस कुणी चप्पल घालत नाही. सगळ्यांच्या चपला दाराबाहेर खुंटीला टांगल्या जातात. तानाजी अनवाणी, दीपमाला अनवाणी, तीही. घटाला रोज पाणी घालायचं, त्याच्या मातीतून पाझरून सगळी जमीन दमट. आणि पहाटेपासून देवीची गाणी लावायला दीपमाला दर खेपेला त्या पत्र्याला हात लावणार.

अंजना राखण करत बसली. मशीनच्या बटणाकडं सून निघाली की ती हातातलं काम थांबवून बघत राहायची. एके सकाळी गाणं बदलताना दीपमालानं कोपर मशीनवर टेकवलं, अंजनाच्या हातातला तांब्या सुटला, आणि काही झालं नाही. दुसऱ्या सकाळी ती अंगठ्यानं धूळ पुसत होती, तरी काही झालं नाही. रोज चावणाऱ्या कुत्र्यापासून माणूस लांब राहतं. हे कधी चावायचं, कधी नाही. चौथ्या दिवशी अंजनानं शक्कल काढली आणि मशीनवर गोधडीची चौघडी घातली, म्हणजे उघडा हात पत्र्याला लागायला नको. तासाभरात करपल्याचा वास सुटला.

दीपमालानं गोधडी ओढून काढली. आतला पत्रा तव्यासारखा तापला होता. "आत्या, ह्याला वारा लागतो. ही वरची भोकं त्याच्यासाठीच हायती. झाकलं तर जळून जाईल ना."

"मला वाटलं धूळ बसतीया."

"तुमाला ह्याचं लई भ्या वाटतं का?"

"न्हाई गं," अंजना म्हणाली. "भ्या कशाचं?"

अष्टमीच्या संध्याकाळी दीपमाला उद्याच्या खंडेनवमीची मांडामांड ठरवत बसली. कोयते, विळे, खुरपी, कुऱ्हाड, सगळं धुऊन हळदीकुंकू लावून देवापुढं ठेवायचं. "अन् साउंडबी," ती म्हणाली. "मागून-पुढून सगळा ओल्या फडक्यानं पुसून घेते. मपल्या माहेरची तेवढीच वस्तू हाय, तिचीबी पूजा व्हावी."

"कर की," तानाजी म्हणाला.

अंजना मनाशी एकेक मोजत गेली. ओलं फडकं, ओली जमीन, अनवाणी पाय. रात्रभर तिच्या डोळ्यांपुढं गुडघ्यावर बसणारा बैल येत राहिला आणि पहाटे पहाटे त्याला दीपमालाची वेणी फुटली.

नवमीला उजाडताच तानाजी झेंडूची फुलं आणायला गाडीवरून आष्टीला गेला. "मी फाट्यावर जाऊन येते, तवर पूजेला हात लावू नको," असं सुनेला सांगून अंजना घराबाहेर पडली. फाटा दीड किलोमीटर. तिथं आश्रुबाचं मोटारी भरायचं, म्हणजे त्यांना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडं यायच्या. साठीचा, सडेतोड माणूस. तीस वर्षांत अंजना त्याच्या दुकानाची पायरी चढली नव्हती.

आश्रुबा उघड्या अंगानं, ओल्या केसांनी दुकानात बसला होता. पुढं पाटावर लाल कापड, त्यावर पकडी, स्क्रूड्रायव्हर, टेस्टर ओळीनं मांडलेले, प्रत्येकाच्या कपाळी हळदीकुंकू.

"वैनी, तुमी? इकडं करंट असतो बरं का."

"चेष्टा राहू द्या भाऊजी. घरी चला. साउंड माणूस धरतोय."

"उद्या येतो. आज हत्यारं देवापुढं हायती. खंडेनवमीला पकड उचलली तर ती वर्षभर मला नडंल."

"निदान टेस्टर तरी द्या."

"टेस्टर काय हत्यार न्हाई व्हय?" आश्रुबा हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला. "कुणाला धरलं? कवा?"

तिनं सगळं सांगितलं. झुरळाची थापसुद्धा सांगितली. आश्रुबा ऐकत राहिला आणि मधेच म्हणाला, "पिन किती पायाची?"

"दोन. पहिली तीन पायाची व्हती. तानाजीनं कापली."

"अन् हिरवी तार?"

"फेकली. शोभेची व्हती म्हणं."

"शोभेची." आश्रुबानं मांडीवर हात मारला. "वैनी, बिघाड झाला तर करंट जमिनीत जावा म्हणून ती तार असती. ती कापली, म्हंजे आता त्यो तुमच्या अंगातून जमिनीत जाणार. उंदीर हायती घरात?"

"पोत्यांशेजारीच ठिवलाय."

"मग आत शिरती तिथं वायर कुरतडली असंल अन् एक तार पत्र्याला टेकली असंल. पिन सुलटी घातली तर मशीन गरीब गाय. उलटी घातली तर सगळ्या पत्र्यात करंट. तानाजीला चपलीनं वाचवलं. तुमच्या डोक्यात बैल-बिल काय न्हाई." तो बोलता बोलता थांबला. "आता नवरात्र हाय. घरात चपला?"

"समदी अनवाणी हायती. अन् सून आज त्यो ओल्या फडक्यानं पुसणार हाय."

आश्रुबा उठून उभा राहिला. फोन काढून त्यानं तानाजीला लावला. गाडीवर असावा, उचलला नाही. दीपमालाला लावला. वाजत राहिला. "साउंडच्या आवाजात तिला काय ऐकू येतंय," तो पुटपुटला. त्याची गाडी लेक बीडला घेऊन गेलेला, आणि सायकल चालवायचे त्याचे गुडघे राहिले नव्हते. "तुमी निघा. मी फोन लावत राहतो. गेल्या गेल्या पिन काढायची. पायाखाली कोरडा पाट घ्यायचा, हात कोरडा करायचा, पिनीला धरून ओढायचं, वायरीला न्हाई. जमंल?"

 अंजना वाटेला लागली होती.

वाटेवर तिला साउंड ऐकू येत होता. सुंदररावांच्या कानांपायी शिवारभर ऐकू जायचा. देवीचं गाणं, ढोलकी, टाळ्या. एरवी त्या आवाजानं तिच्या कपाळात कळ यायची, पण आज ती त्यालाच धरून चालत होती. गाणं चालू आहे म्हणजे पूजा सुरू झालेली नाही. पूजेच्या वेळी पोरगी गाणं बंद करील आणि मग फडकं घेईल. चालू आहे तोवर बरं. तिनं चालण्याचा वेग वाढवला. सराट्याचे काटे तळव्यात मोडत होते.

ओढ्याच्या उतारावर ती आली आणि गाणं बंद पडलं.

कुणी बटण फिरवून कमी केलं असतं तर आवाज उतरत गेला असता. हा एका शब्दाच्या मध्यावर तुटला. शिवारात एकदम शांतता पसरली. अंजनाचे पाय जागीच खिळले. पोरगी चिकटली. ओरडलीसुद्धा नाही. मग ती पळत सुटली. एकावन्नाव्या वर्षी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, ओढ्याच्या दगडांवरून. तिच्या तोंडून नाव फुटत नव्हतं, नुसता श्वास निघत होता. राधाकिशनना काय सांगायचं? मला ठाऊक होतं आणि मी झुरळ म्हणाले, असं?

अंगणात सुंदरराव बाजेवर निवांत बसले होते. "लाईट गेली," ते तिला म्हणाले. "सणाच्या दिवशीबी घालवत्यात."

ती उंबऱ्यात आली. दीपमाला मशीनच्या मागं उकिडवी बसली होती. जिवंत. एका हातात पिळून घेतलेलं ओलं फडकं, अनवाणी पाय सारवलेल्या जमिनीवर, दुसरा हात मशीनच्या पाठीमागं गुंतलेला. मशीनच्या कपाळावर हळदीकुंकवाची ओली बोटं उमटली होती.

"आलात का आत्या?" ती हसून म्हणाली. "लाईट जायची वाट बघत व्हते. चालू असताना हात लावला तर तुमच्या जिवाला घोर. म्हणलं आता पुसून घ्यावं, तुमी यायच्या आत व्हईल."

अंजनाला कळलं. पोरगी सासूच्या भीतीला मान देत होती. आणि तारेत आता काही नाही, असं सगळा मुलूख धरून चालतो. लाईट गेली की बल्ब बदलतो, मोटारीचं कनेक्शन खोलतो, वायरी जोडतो. गेलेली लाईट येताना कुणाला विचारून येत नाही, याचा विसर पडतो. पिन बोर्डात होती. बटण चालूच होतं.

"हात काढ, पोरी."

"अवो, लाईट न्हाई ना. थोडंच राहिलंय." दीपमाला वाकून मागं चाचपत होती. "आत्या, हितं वायर खरबरीत लागतीया. काय तरी कुरतडल्यावानी."

ओरडावं तर पोरगी दचकून तारच घट्ट धरील. ओढावं तर आपणच ओल्यात. अंजनानं देवापुढचा पाट उचलला. त्यावरचे विळे खणखणत खाली पडले. पाट बोर्डाखाली टाकून ती त्यावर चढली आणि हात पदराला घासून कोरडे केले. बोर्ड तिच्या नाकासमोर होता. एवढ्या जवळून तिनं तो कधी बघितला नव्हता. त्याच्यावर एक कोळी बसला होता. धरायला म्हणून नेलेली बोटं पिनीपाशी जाऊन आपसूक मागं येत होती. एकदा आली. दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले, पिन मुठीत धरली आणि ओढली. ती घट्ट बसलेली. तिनं दुसरा हात भिंतीला रेटला आणि पुन्हा ओढली. पिन निघून तिच्या हातात आली.

"आत्या, काय करताय तुमी?" दीपमालाच्या आवाजात आता नाराजी होती. "पूजेच्या दिवशी असं? आमच्या आण्णांच्या वस्तूचा तुमाला एवढा..."

वरचा बल्ब पेटला.

शेजारच्या घरातला टीव्ही मोठ्यानं बोलायला लागला. साउंड गप्प होता. दीपमालानं बल्बकडं बघितलं, मग सासूच्या मुठीतल्या पिनीकडं, मग आपल्या हाताकडं. तिची ओली बोटं तारेवर होती, आणि बोटांच्या मधून तांबं चमकत होतं. तिनं हात काढला आणि छातीशी धरला.   अंजना पाटावरच खाली बसली, पिन अजून मुठीत.

"त्या दिवशी माझ्या अंगावर झुरळ आलं नव्हतं," ती म्हणाली.

दीपमाला रडायला लागली. अंजनानं तिला रडू दिलं. मग पोरगी नाक पुसत म्हणाली, "आण्णांना सांगू नका. त्यांच्या जिवाला लागंल. त्यांनी लई बघून घेतलंय."

"सांगणार. तुपल्या बापानं तीन पायाची पिन दिलती, एक पाय मपल्या पोरानं तोडला. हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्यापरीस माझ्याकडून कळू दे."

तानाजी फुलं घेऊन आला तेव्हा दोघी सासू-सुना पाटावर एकमेकींना लागून बसल्या होत्या. मांडायची हत्यारं जमिनीवर पसरली होती. त्यानं काय झालं विचारलं. अंजनानं त्याला कुरतडलेली तार दाखवली. तो खाली वाकला, बघत राहिला आणि वर उठलाच नाही, तिथंच बसला. "मी पंजा ठिवलता त्याच्यावर," तो म्हणाला. त्याला कुणी काही बोललं नाही. बोलायला हवं होतं, खरं तर.

दसऱ्याला हत्यारं उचलल्यावर आश्रुबा आला. त्यानं तीच पिन उलटी घालून, पत्र्याला टेस्टर लावून दाखवला. तो लाल पेटला. मग त्यानं कुरतडलेली वायर बदलली, तीन भोकांचा बोर्ड बसवला, घरामागं खड्डा खोदून अर्थिंगची सळई पुरली आणि मशीन पोत्यांपासून काढून उघड्या फळीवर ठेवली. चहा पिताना म्हणाला, "वैनी, आता लावा हात. काय व्हणार न्हाई."

"राहू द्या," अंजना म्हणाली.

"अवो, मी सांगतोय ना."

"तुमी सांगताय ते खरं हाय. मला भ्या वाटतंय तेबी खरं हाय." तिनं कप खाली ठेवला. "पिन काढायची वेळ आली तर काढीन मी. पण हात लावून दावा म्हणाल, तर त्यो तुमचा तुमी लावा."

दीपमालानं गाणं लावलं, मधल्या आवाजात. सुंदररावांनी अंगणातून विचारलं की साउंड बिघडलाय का.